मुसके घ्यायचे तर आतली जागा आधी मोजा

पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठेही पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात शिरा आणि कुत्र्यासाठी मुसके मागा. ‘मझल’ म्हटले की दुकानदाराला लगेच कळते. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली नायलॉनची एक काळी नळी बहुतेक वेळा हातात पडते. दोन्ही बाजूंनी उघडी, मागे बकल, कधी बकलाऐवजी वेल्क्रो. स्वस्त असते, खिशात मावते आणि कुत्र्याच्या तोंडावर एका झटक्यात चढते. हे परीक्षण वाचून एवढे एक केलेत तरी पुरे: ती नळी परत खिळ्याला लावायला सांगा.

कारण साधे आहे. नळी चढली की नाकपुड्या पुढून बाहेर राहतात, पण जबडा मिटलेला राहतो. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गादीला, तोही नावापुरता. अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे. निवांत असताना मिनिटाला 20-30 श्वास घेणारा कुत्रा तापला की 200-300 पर्यंत जातो, जिभेवरची आणि तोंडातली ओल वाफ होऊन निघते आणि तेवढी उष्णता कमी होते. निरोगी कुत्र्याचे तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सियस. ते 41 च्या वर गेले की आतल्या अवयवांना इजा व्हायला लागते आणि तिथून परतीची वाट फार अरुंद असते. गोव्यात मे महिन्यात हवा तापलेली आणि जड, जूनपासून ओलीचिंब. ओल्या हवेत वाफ सावकाश होते, म्हणून इथल्या कुत्र्याला तोंड जास्त मोठे उघडावे लागते आणि जास्त वेळ उघडे ठेवावे लागते. नेमके तेच ही नळी अडवते. शिवाय घाबरलेल्या कुत्र्याला उलटी झाली तर ती बाहेर पडायला जागा नाही, श्वासनलिकेत जाण्याचा धोका आहे. आणि इतके करून नळी थोडी सैल बसली तर पुढचे दात चिमटा काढायला मोकळेच.

पशुवैद्याकडे इंजेक्शन देताना किंवा एखादे नख कापताना दोन-तीन मिनिटे, डॉक्टर समोर असताना, ही नळी चालते. फिरायला नेताना, गाडीत, घरी पाहुणे आले म्हणून, कधीही नाही.

मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला मुसके बांधायची रीत आपल्याकडे जुनीच. ते मुसके म्हणजे दोरीची विणलेली जाळी. बैलाने भाताच्या लोंब्यांना तोंड लावू नये एवढेच तिचे काम, श्वास आणि जीभ मोकळी. कुत्र्यासाठी हवी ती वस्तू याच विचाराची आहे: पिंजऱ्यासारखी टोपली, जिच्या आत तोंड पूर्ण उघडता येते, पाणी पिता येते, खाऊ घेता येतो, फक्त दात बाहेर पोचत नाहीत. टोपली घालून कुत्र्याला धाप टाकता येत नसेल तर ती टोपलीही नळीइतकीच वाईट. म्हणून पुढचे सगळे मोजमाप त्या एका गोष्टीभोवती आहे.

टोपलीचे प्रकार पाहू. रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची टोपली हा बहुतेक घरांसाठी योग्य पर्याय. यातले सगळ्यात सहज मिळणारे नाव बास्करव्हिल अल्ट्रा. साइज 1 ते 6, गळ्याचा पट्टा, कपाळावरून मागे जाणारी जादा पट्टी आणि नेहमीच्या गळपट्ट्यात ओवायचा बंद. या मालाचा मोठा गुण असा की गरम पाण्यात बुडवून मऊ केला की हाताने आकार देता येतो आणि लगेच गार पाण्यात धरला की तो आकार राहतो. नाकाच्या हाडावर कड घासत असेल तर तेवढी बाहेर ढकलता येते, रुंद जबड्यासाठी बाजू फाकवता येतात. हे करताना टोपली कुत्र्याच्या तोंडावर नसावी, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय चढवू नये, हे सांगायला नको तरी सांगतो. कपाळावरची पट्टी अनेकजण ‘कशाला हवी’ म्हणून काढून टाकतात. ती काढू नका. पंजा टोपलीच्या कडेत अडकवून खाली ओढणे ही प्रत्येक कुत्र्याची पहिली युक्ती असते आणि तिला उत्तर म्हणजे हीच पट्टी. बारीक मान आणि निमुळते डोके असलेल्या कुत्र्यांत तर तिच्याशिवाय टोपली टिकतच नाही.

उणीवही सांगितली पाहिजे. या टोपलीच्या पुढच्या फटी मोठ्या आहेत. खाऊ भरवायला त्या सोयीच्या, पण जमिनीवरचे काहीबाही उचलून खाणाऱ्या कुत्र्याला त्या तितक्याच सोयीच्या. जमिनीवर टोपली दाबायची आणि फटीतून जिभेने ओढून घ्यायचे, हे कुत्रे दोन दिवसांत शिकते. त्यावरचा उपाय पुढे येतोच.

तारेची टोपली चावण्याच्या बाबतीत सगळ्यात भरवशाची. हवा भरपूर खेळते, आकार बदलत नाही, जबड्याच्या जोराने वाकत नाही. ज्या कुत्र्याने आधी कोणाला खरोखर चावा घेतला आहे, त्याच्यासाठी मी तारेचीच सांगेन. पण ती गोव्यात वापरायची म्हणजे गंजाशी गाठ. क्रोमचा मुलामा दिलेल्या तारेत तारा एकमेकींना जिथे झाळलेल्या असतात त्या सांध्यांवर मुलामा सगळ्यात पातळ असतो आणि खारी हवा तिथूनच शिरते. आधी तपकिरी ठिपका, मग खरखरीत पापुद्रा, आणि तो पापुद्रा ओठाला घासतो. मिरामार, कोलवा, हरमल अशा किनारपट्टीच्या गावांत राहत असाल तर स्टेनलेस स्टीलची किंवा प्लास्टिकचा थर चढवलेली तार घ्या, आणि महिन्यातून एकदा सांध्यांवरून बोट फिरवा. तारेची टोपली कठीण असते, आनंदाने अंगावर येणारा कुत्रा तिने गुडघ्यावर चांगला दणका देतो. घरात लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर हे लक्षात ठेवा.

चामड्याचे मुसके दिसायला सुंदर आणि कोरड्या प्रदेशात चांगले. इथे जूनमध्ये कपाटात ठेवले की जुलैत त्यावर पांढरी-हिरवी बुरशी. शिवाय लाळ आणि पावसाने भिजलेले चामडे वाळताना आक्रसते, म्हणजे उन्हाळ्यात नीट बसणारे मुसके पावसानंतर घट्ट होते. नका घेऊ.

बायोथेन म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेली विणलेली कापडी पट्टी. ती पाणी पीत नाही, बुरशी धरत नाही, पुसली की स्वच्छ. मापाप्रमाणे करून मिळते आणि किंमत सगळ्यांत जास्त. फक्त खाण्यावर आळा घालायचा असेल, चावण्याचा प्रश्न नसेल, तर हे फार चांगले. पट्ट्या दाबल्या जातात, म्हणून खऱ्या चावऱ्या कुत्र्यासाठी नाही. मऊ सिलिकॉनच्या टोपल्यांचेही तेच. बदकाच्या चोचीसारखी दिसणारी सिलिकॉनची मुसकी मुळीच घेऊ नका, ती नळीचीच रंगीत बहीण.

आता माप. दुकानातल्या तक्त्यावर लॅब्राडॉर, अल्सेशियन, पग अशी नावे असतात आणि आपल्या घरी असतो गावठी. गावठी कुत्र्याचे डोके पाचरीसारखे, थोबाड लांब आणि निमुळते. वजन पाहून लॅब्राडॉरचे मुसके दिले की ते आडवे सैल आणि लांबीला आखूड होते. म्हणून नाव आणि वजन सोडा, शिंप्याची टेप घ्या.

चार मापे लागतात. पहिले, थोबाडाची लांबी: दोन डोळ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या साधारण 1 सेंमी पुढून नाकाच्या टोकापर्यंत. यात 1 सेंमी मिळवा, ती टोपलीची आतली लांबी. माप 9 आले तर आत 10 हवे. नाक पुढच्या जाळीला टेकता कामा नये, आणि मागची कड डोळ्याच्या इतकी जवळ नको की पापणीला लागेल. दुसरे, तोंड मिटलेले असताना थोबाडाचा घेर, डोळ्यांच्या जरा खाली, सगळ्यात जाड भागावर. तिसरे माप बहुतेक लोक घेतच नाहीत आणि खरे तेच महत्त्वाचे: तोंड उघडे असतानाचे. कुत्र्याला टेनिसचा चेंडू तोंडात धरायला द्या आणि तसाच घेर मोजा. चेंडूत रस नसेल तर सकाळी फिरून आल्यावर धापा टाकत असताना थोबाडाच्या वरच्या रेषेपासून हनुवटीच्या खालपर्यंतची उभी उंची मोजा. टोपलीचा आतला घेर किंवा उंची यापेक्षा कमी असेल तर लांबी-रुंदी कितीही जुळो, ती परत करा. चौथे, कानांच्या मागे, गळ्याच्या अगदी वरच्या भागाचा घेर. पट्टा तिथेच बसतो, गळपट्ट्याच्या जागी नाही.

मुसके घरी आले की तोंडावर चढवण्याआधी आतून बोट फिरवा. साच्यातल्या प्लास्टिकची धारदार कड राहिलेली असते, ती बारीक पॉलिशपेपरने घासून काढा. चढवल्यावर पट्ट्याखाली एक बोट आरामात, दुसरे जरा ओढून जावे. मग वाटीत पाणी ठेवा. कुत्र्याला टोपलीसकट पाणी पिता आले पाहिजे. उथळ ताटलीत ते पिता येत नाही, कारण टोपलीची पुढची कड तळाला टेकते आणि जीभ पाण्यापर्यंत पोचत नाही. खोल भांडे, काठोकाठ भरलेले. पंधरा मिनिटांनी काढा आणि नाकाचे हाड, गालाची हाडे आणि कानामागची जागा पाहा. केस बसलेले असणे ठीक, कातडी लाल असणे ठीक नाही. लाल दिसली तर तिथे पातळ फेल्ट चिकटवतात, पण पावसात ते फेल्ट भिजून ओले राहते आणि त्याखाली खाज, फोड सुरू होतात. त्यापेक्षा गरम पाण्याने आकार बदलणे किंवा माप बदलणे बरे.

मुसके म्हणजे चावरा कुत्रा, हा समज वाड्यावाड्यावर आहे. गोव्यात मुसके उपयोगी पडते ते चावण्यापेक्षा खाण्याच्या सवयीसाठी जास्त. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढून झाली की नको असलेली मासळी वाळूत तशीच टाकलेली असते. तिच्यात केंड असतो. पकडल्यावर फुगून चेंडूसारखा होणारा हा मासा, त्याच्या यकृतात, अंडाशयात आणि बऱ्याच जातींत कातडीतही टेट्रोडोटॉक्सिन नावाचे विष. ते वाळून किंवा शिजून जात नाही आणि त्याला उतारा नाही. लाळ गळणे, उलटी, मागचे पाय लटपटणे, मग श्वासाचे स्नायू बंद पडणे, असा क्रम. 2009 साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या आसपासच्या किनाऱ्यांवर कुत्री दगावली ती याच विषाने. तिथे ते वाळूवर आलेल्या समुद्री गोगलगायींत सापडले. रापणीच्या वाळूत सुटलेले गळही असतात, आमिषासकट. आणि मार्च ते मे काजूचा हंगाम. ओल्या काजूबीच्या सालीतले तेल कातडी भाजते, ती बी चघळली की ओठ आणि जीभ सोलते. रस काढून दारूच्या भट्टीच्या मागे टाकलेला बोंडांचा चोथा आंबलेला असतो, म्हणजे दारूच. तो भरपेट खाल्लेला कुत्रा झोकांड्या खातो, अंग गार पडते, रक्तातली साखर उतरते. यापैकी काहीही पोटात गेल्याची शंका आली तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट डॉक्टरकडे, आणि काय खाल्ले त्याचा तुकडा मिळाला तर तो पिशवीत घालून सोबत.

अशा कुत्र्यासाठी टोपलीच्या पुढच्या आणि खालच्या भागाला आडोसा लागतो. काही कंपन्या तो वेगळा विकतात. घरीही होतो: प्लास्टिकची पातळ पण ताठ जाळी, छिद्र 1 सेंमीपेक्षा लहान, बाहेरच्या बाजूने चार ठिकाणी केबल टायने बांधायची. टायची कापलेली टोके बाहेर वळवा, आत एकही टोक राहता कामा नये. पुढचा फक्त खालचा अर्धा भाग झाका. नाकासमोरचा वरचा भाग उघडा ठेवला की वास आणि हवा दोन्ही मिळतात आणि तिथूनच तुम्हाला खाऊ देता येतो. पूर्ण तोंड झाकणारे कापड बांधलेले दिसते, ते चूक आहे. कापड लाळेने भिजले की हवा अडते.

मुसके किती चांगले यापेक्षा ते कुत्र्याला कसे ओळख करून दिले यावर सगळे ठरते. बाजारातले उत्तम मुसके पहिल्याच दिवशी धरून चढवले तर कुत्रा आयुष्यभर त्याला पाहून पलंगाखाली जाईल. दोन आठवडे द्या. दिवसातून दोनदा, दर वेळी दोन-तीन मिनिटे, आठ-दहा फेऱ्या, त्याहून जास्त नाही. खाऊ वाटाण्याएवढा आणि नेहमीच्या जेवणापेक्षा चांगला: उकडलेल्या कोंबडीचे काळीज, काटे काढलेला उकडलेला बांगडा, मीठ-मसाला काहीही न घालता. दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त खाऊ देऊ नका, तेवढे जेवणातून कमी करा.

पहिले तीन-चार दिवस मुसके हे मुसके नाहीच, ती वाटी आहे. पट्टे मागे दुमडून टोपली हातात धरा, आत तळाशी पाणी काढलेले घट्ट दही किंवा उकडलेला भोपळा माखा. कुत्रा स्वतः नाक आत घालेल. टोपली त्याच्या तोंडाकडे न्यायची नाही, तोंड टोपलीकडे आले पाहिजे. हाच सगळ्या शिकवणीचा कणा. पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल लिहिलेले नाही ना ते वाचा. साखरेऐवजी घातलेला हा पदार्थ कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिन उसळवतो आणि रक्तातली साखर कोसळते, थोड्याशा प्रमाणातही.

नाक खुशीने आत जायला लागले की वेळ वाढवा. इथे 10 मिलीची बिनसुईची सिरिंज फार कामाची. पातळ दही भरा आणि पुढच्या फटीतून थेंबथेंब सोडत राहा. जोवर नाक आत तोवर दही, नाक बाहेर की दही बंद. रागावणे नाही, ‘नाही’ म्हणणे नाही. आधी 1 सेकंद, मग 3, 5, 10. एकदम सरळ चढत जाऊ नका: 5 झाल्यावर 2, मग 7, मग 3. सारखे कठीणच होत गेले की कुत्रा मागे हटतो.

पट्ट्याचा टप्पा सगळ्यात नाजूक, आणि घाई इथेच होते. प्लास्टिकचे बकल लागताना ‘टक्’ असा आवाज होतो, तोही थेट कानामागे. माणसाला तो आवाज काहीच नाही. कुत्र्याचे पाहा: कान मागे जातात, मान आखडते, डोळ्याचा पांढरा भाग कडेने दिसतो. म्हणून बकल आधी कुत्र्यापासून हातभर दूर वाजवा आणि लगेच खाऊ द्या. टक्, खाऊ. दहा वेळा. मग जवळ, मग मानेच्या बाजूला, मग मागे. दुसरीकडे पट्टा नुसता कानामागे धरून सोडा, न लावता. हे दोन्ही वेगवेगळे जमले की मगच एकत्र: नाक आत, पट्टा लावा, सिरिंज चालू, दोन सेकंदांनी काढा. तिथून अर्ध्या मिनिटापर्यंत, एका मिनिटापर्यंत. एक मिनिट शांत गेले की उठून घरातल्या घरात चार पावले, मग अंगणात, मग रस्त्यावर पाच मिनिटे.

जीभ सारखी ओठांवरून फिरणे, जांभई, मान वळवणे, अंग ताठ करून थिजणे, ही ‘आता पुरे’ची भाषा. ती दिसली की मागच्या टप्प्यावर जा. पंजाने ओढायला लागला तर ओरडू नका, दोन पावले चालवा, चालताना पंजे कामात राहतात. क्षणभर थांबला की काढा. पुढच्या वेळी अर्धाच वेळ ठेवा. आणि पुन्हा पुन्हा ओढत असेल तर आधी माप तपासा. शिकवणीला दोष देण्याआधी नाकाच्या हाडावरची लाली पाहिलेली बरी. उबळ, उलटी, जीभ गडद लाल किंवा निळसर, यातले काही दिसले तर शिस्त-बिस्त विसरून त्या क्षणी काढायचे.

एक चूक हमखास होते. मुसके फक्त डॉक्टरकडे जातानाच बाहेर येते. चार वेळा असे झाले की टोपली दिसणे म्हणजे सुई टोचणे, हे गणित कुत्र्याच्या डोक्यात पक्के. दहापैकी नऊ वेळा मुसके चढल्यावर काहीतरी चांगले घडले पाहिजे: भाटात (माडांच्या बागेत) फेरी, वासाचा खेळ, जेवण. मोसम बदलला, मुसके तीन-चार महिने कपाटात राहिले, तर पुन्हा वाटीपासून सुरुवात. या वेळी दोन-तीन दिवसांत जमते.

कशासाठी वापरायचे नाही, यावर दुकानात कोणी बोलत नाही. भुंकणे थांबवण्यासाठी नाही. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या मिरवणुका पहाटेपर्यंत दणाणतात, त्या रात्री मुसके बांधणे म्हणजे घाबरून धापा टाकणाऱ्या जिवाची धाप अडवणे. त्याला आतली खोली, बंद खिडक्या आणि चालू पंखा द्या. चवथीला (गणेशचतुर्थीला) घर माणसांनी भरलेले, मुलांची धावपळ, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या सजावटीखाली) गर्दी. तेव्हाही पाच-सहा तास मुसके घालून कोपऱ्यात बांधण्यापेक्षा शेजाऱ्याकडे किंवा वेगळ्या खोलीत ठेवणे माणुसकीचे. पाण्यात कधीही नाही: पोहताना टोपलीत पाणी साचते आणि नाक खाली ओढले जाते. एकटे सोडून नाही, टोपली फांदीत किंवा गेटच्या गजात अडकते. दोरी मुसक्याच्या कडीला कधीही लावू नका, ती गळपट्ट्याला किंवा हार्नेसला. पग, बॉक्सर अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांसाठी जाळीचे मुखवटे मिळतात. आधीच श्वासाला अडलेल्या या जातींना इथल्या दमट हवेत ते घालू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे, त्यांच्यासाठी डॉक्टरशी बोलून दुसरा मार्ग काढावा. बाकीच्यांनाही फिरण्याची वेळ सकाळी सातच्या आत किंवा सूर्य बुडाल्यावर, एका वेळी अर्धा तास.

रस्त्यावर आणखी एक विचार लागतो. मुसके घातलेल्या कुत्र्याला स्वतःचा बचाव करता येत नाही आणि वाड्यावरच्या मोकळ्या कुत्र्यांना ते लगेच कळते. टोळके दिसले की सरळ त्यांच्या दिशेने न जाता लांबून वळसा घ्या, दोरी सैल ठेवा, कुत्र्याला स्वतःच्या दुसऱ्या बाजूला घ्या. जवळ आलेच तर समोर छत्री उघडा. अचानक मोठी होणारी गोल वस्तू बहुतेक कुत्र्यांना थांबवते, आणि गोव्यात पावसाळाभर छत्री हातात असतेच. मूठभर खाऊ त्यांच्या पलीकडे फेकला तर निघून जायला वेळ मिळतो. मुसके आहे म्हणून रेबीजची वार्षिक लस टळत नाही. आणि कोणालाही दात लागलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायचे, कुत्रा घरचा असला तरी.

निगा फार नाही. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः बकलाच्या खाचेतली वाळू, कारण ती अडकली की बकल अर्धे लागते आणि ऐन वेळी सुटते. सावलीत वाळवा. स्कूटरच्या हुकाला उन्हात लटकवून ठेवलेले प्लास्टिक ठिसूळ होते. दोन्ही हातांनी हलके पिळून पाहा, पांढरी रेघ उमटली तर ते मुसके बदलायचे. पट्ट्याची भोके लांबट झाली, शिलाई सुटली, तरी तेच.

घरी मुसके नसताना अपघात झाला, तर दुखावलेला शांत कुत्राही वेदनेने चावतो. बँडेजची साधारण मीटरभर पट्टी घ्या, मध्ये सैल फास करून थोबाडावर वरून घाला आणि ओढा, टोके हनुवटीखाली एकदा फिरवून गाठ मारा, मग कानांच्या मागे नेऊन सुरगाठ बांधा, म्हणजे एका ओढीत सुटेल. उलटी होत असेल, श्वास लागत असेल, चपट्या तोंडाचा असेल किंवा बेशुद्ध असेल तर बांधू नका, तोंडाऐवजी अंगावर जाड टॉवेल टाकून उचला. बांधलीच तर गाडीत बसल्यावर सोडून पाहा. दवाखाना येईपर्यंत ती तशीच राहिली पाहिजे असे काही नाही.